किल्ली नसलेली फाईल

झेंडूचा वास आला की परळचं ते दीड खोलीचं ऑफिस आठवतं. गिरणीत राबलेल्या बायकांच्या आठवणी आम्ही तिथे एक्सएमएल फायलींत जमवायचो. नाव, वय, चाळ उघडं ठेवायचं आणि त्या बाईने सांगितलेला मजकूर तेवढा एन्क्रिप्ट करायचा, परक्याने वाचू नये म्हणून. कोड मी लिहिला होता. तो मजकूर उघडणारी किल्ली जुन्या कॉम्प्युटरच्याच पोटात राहायची. खंडेनवमीच्या साफसफाईत साहेबांनी फायली पेनड्राइव्हवर घेतल्या, डिस्क पार कोरी केली आणि डबा भंगारात दिला. दसऱ्याला नवा आला. किल्ली आधी काढून घ्यायचं कुणालाच सुचलं नव्हतं. नव्या कॉम्प्युटरवरचा झेंडूचा हार अजून सुकत होता, तेव्हा शिवडीहून एक मुलगी आली. तिची आई नुकतीच गेली होती. "मॅडम, आई काय बोलली ते वाचायचंय," म्हणाली. मी फाईल उघडली. वर आईचं नाव, वय, चाळ, आणि खाली नुसता अक्षरांचा कचरा. "आता हे कुणालाच उघडता येणार नाही गं," मी सांगितलं. तिने माझ्या हातातून माऊस घेतला आणि कचरा खाली सरकवत राहिली. तो संपेचना. "हे सगळं आईचं?" "हो." "एवढं बोलली ती? घरी तर तोंड उघडायची नाही." आजही ती फाईल माझ्याकडे आहे. दर दसऱ्याला उघडते. नाव दिसतं, वय दिसतं, चाळ दिसते.