निळी पट्टी

साहेबांनी सगळ्या ऑफिसला हॉलमध्ये बोलावलं होतं. भिंतीवर पडदा, समोर दोन कॉम्प्युटर. एकावर मी. दुसऱ्यावर साहेबांचा इंजिनिअर जावई आणि त्याने आणलेलं नवीन एआय. शर्यत होती. जड वजन उचलताना साखळी ज्यात अडकवतात, त्या लोखंडी ब्रॅकेटचं डिझाइन आधी कोण काढतं, मॅडम की मशीन. समोसे मागवले होते. लोक खुर्च्या ओढून बसले.

माझ्या चार रेघा होतात न होतात तोच त्याचं झालं. जावयाने फक्त सांगितलं, बोल्ट इथे, वजन एवढं, ओढ सरळ खाली. एआयने डझनभर आकार समोर मांडले. मग साहेबांनी माझं जुनं ब्रॅकेट पडद्यावर घ्यायला लावलं. एआयने ते रंगवलं. लोखंडावर ताण येतो तिथे लाल, येत नाही तिथे निळं. माझ्या ब्रॅकेटची बाजूची आडवी पट्टी अख्खी निळी निघाली.

"निळं म्हणजे फुकटचं," साहेब माझ्याकडे बघून म्हणाले. "अकरा वर्षं कंपनीने हे फुकटचं ओझं वाहिलं. आता बघा. याला ना सवलत लागते, ना सुट्टी. बिचाऱ्याला आडनावही नाही."

सगळे हसले. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला शूर ठरवणार नाही. दात दाखवून हसले. समोसाही खाल्ला.

हिंगण्याच्या त्या कारखान्यात मी सवलतीने लागले नव्हते. कामठीहून शेअर ऑटो, मग कंपनीची बस, असं करत परीक्षा द्यायला आले होते आणि पहिली आले होते. साहेबांनी मार्क बघितले, मग आडनाव विचारलं, मग म्हणाले, "अच्छा." त्या एका अच्छात सगळं होतं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक चौकट असते. काढणाऱ्याचं नाव, तपासणाऱ्याचं नाव. पहिल्या वर्षी मी तपासलेल्या ड्रॉइंगवर माझं नाव टाकलं. साहेबांनी ते पुसायला लावलं. "गिऱ्हाईक वाचतं ते. तुझं आडनाव बघून दहा प्रश्न विचारतं." तेव्हापासून तपासायची मी आणि त्या रकान्यात आद्याक्षरं दुसऱ्याची. जावई आल्यावर जावयाची. मी पुसत गेले. सवय झाली, असं म्हणायची पद्धत आहे. सवय नव्हती झाली. भीती होती.

आणि ती पट्टी फुकटची नव्हती. आमच्या शेडमध्ये साखळी ज्या गर्डरला टांगतात, तो उचलायच्या वजनाच्या बरोबर वर नाही, हातभर बाजूला आहे. त्यामुळे साखळी नेहमी तिरपी ओढते. हे कुठल्याच कागदावर नाही. हे वामनभाऊंना माहीत होतं. वामनभाऊ म्हणजे आमचे सगळ्यात जुने फिटर. माझ्या दुसऱ्या वर्षी त्यांनी मला खाली शेडमध्ये नेऊन वाकडं झालेलं एक ब्रॅकेट हातात दिलं. ते बघून मी ती पट्टी टाकली होती. शर्यतीच्या दिवशी हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी समोशासोबत गिळलं.

महिनाभरात एआयचं हलकं ब्रॅकेट बनून शेडमध्ये आलं. मी जिन्यावरून उतरत होते. वामनभाऊंनी ते हातात धरून मला थांबवलं.

"काहून वं पोरी, बाजूची पट्टी काढून टाकली?"

"आता मशीन ठरवते, भाऊ. मले कोन विचारते?"

"मी विचारून राहिलो ना तुले."

मी जिना उतरून निघून गेले. अपमान झाला होता ना माझा. फुगून बसले होते. पडू दे एकदा यांचं तोंड, कळू दे, असंही वाटलं होतं. खरं तेच सांगते.

तोंड साहेबांचं पडलं नाही. आठव्या दिवशी दुपारी साखळी तिरपी ताणली गेली, ब्रॅकेट पिळवटलं, उचललेला गिअरबॉक्स एका अंगाने खाली आला आणि वामनभाऊंचा उजवा हात त्याखाली सापडला. दोन बोटं गेली. तिसरं डॉक्टरांनी काढलं. संध्याकाळी दवाखान्यात मी त्यांच्या खाटेजवळ उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"म्या विचारलं होतं ना वं तुले," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बसायला खुर्ची दिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. टेबलावर त्याच ब्रॅकेटचं ड्रॉइंग होतं. काढणाऱ्याच्या रकान्यात मोठ्या हौसेने एआय असं छापलेलं. तपासणाऱ्याचा रकाना कोरा. मशीनचं काय तपासायचं, असं जावई तेव्हा म्हणाला होता. आता तो खिडकीबाहेर बघत उभा होता.

"ताई," साहेब म्हणाले. मी ताई झाले होते. "इथे तुमचं नाव टाका. तारीख मागच्या महिन्यातली. मशीनवर केस होत नाही, माणूस लागतो. आणि पूर्ण नाव लिहा. आडनावासकट."

मी पेन उचललं नाही.

"घाबरता कशाला? तुमच्या लोकांच्या मागे संघटना असतात. निभावून जाईल."

"साहेब, हे मी तपासलेलं नाही."

"मग आता तपासा."

"बरं," मी म्हणाले.

मी उठले आणि केबिनमधल्या जावयाच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसले. तेच एआय उघडलं. माझं जुनं ब्रॅकेट घेतलं. बोल्ट तेच, वजन तेच. फक्त ओढ सरळ खाली होती, ती तिरपी केली. आमची साखळी ओढते तेवढी. मशीनने हिशेब केला. आडवी पट्टी निळीची लाल झाली, लालभडक. मग त्यालाच सांगितलं, नवीन आकार काढ. त्याने काढला. बाजूला आडवी पट्टी टाकली. त्याच जागी, त्याच अंगाला. मशीनला माझ्याशी काही वैर नव्हतं. त्याला कोणी खाली शेडमध्ये नेलंच नव्हतं.

जावई पडद्याकडे बघत राहिला. साहेबांनी बघितलं नाही.

मी दोन प्रिंट काढल्या, एक त्यांना, एक मला. मग टेबलावरचं ड्रॉइंग ओढलं आणि तपासणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं, नामंजूर. खाली माझं पूर्ण नाव. आडनावासकट. तारीख आजची. मोबाईलवर त्याचा फोटो घेतला.

"हे बाहेर गेलं तर या अख्ख्या एमआयडीसीत तुला कोणी दारात उभं करणार नाही," साहेब म्हणाले. मी परत तू झाले होते.

"नका करू," मी म्हणाले.

गेटवर माझं कार्ड काढून घेतलं. ज्या लोकांनी समोसे खाल्ले होते त्यांच्यातलं कोणी बाहेर आलं नाही. मी वाटही बघितली नाही.

उद्या कारखाना निरीक्षकांसमोर माझा जबाब आहे. मागची तारीख टाकायला सांगितलं, ते सांगेन. शर्यत सांगेन. पुसलेली नावं सांगेन, ज्या ज्या ड्रॉइंगवरची आठवतात त्या त्या. वामनभाऊंनी जिन्यावर मला विचारलं होतं आणि मी फुगून निघून गेले, हेही सांगेन. साहेबांचे वकील तेच धरून मला सोलतील. सोलू दे. त्या तीन बोटांत माझा वाटा आहे आणि तो मी कोणाच्या रकान्यात ढकलणार नाही. पण साहेबांचा वाटाही मी माझ्या नावावर घेणार नाही. जबाबाच्या खाली आद्याक्षरं टाकणार नाही. पूर्ण नाव लिहीन, त्यांना चष्मा न लावता वाचता येईल एवढं मोठं.