माळावर झाड नको

शाळेची बस माळरानावर थांबली आणि मुलांच्या आधी रोपं उतरली. मी इथे येणाऱ्या मुलांना माळ दाखवते. त्यांच्या बाई म्हणाल्या, “एवढी मोकळी जागा पडून आहे, झाडं लावूया.” त्यांनी कुदळ उचलली, तोच एक टिटवी पंख पसरून किंचाळत धावून आली. उघड्या जमिनीवर, खड्यांसारखीच दिसणारी तिची अंडी होती. सगळे मागे सरले.

मोकळी म्हणे! लांडगा, ससा, चंडोल यांचं घर हेच गवत. पण झाड दिसलं नाही की आपले हात शिवशिवतात.

“रोपं परत बसमध्ये ठेवा,” मी म्हटलं. “इथे एकही झाड लावू देणार नाही.”

“अहो, तुम्ही निसर्गवाल्या ना?”

“म्हणूनच!”

बाई कुदळ घेऊन तशाच उभ्या. टिटवी हलली नाही. मीही हलले नाही.