पंख्यामागचा ढीग

सूर्यभान फिटर कोण होता, हे मोरोपंतांना विचारलं असतं तर ते गप्पच बसले असते. अकोल्याच्या त्या कापसाच्या जिनात दोघांनी एकोणीस वर्षं काढली, पण सूर्यभानला मुलंबाळं किती, हे पंतांनी कधी विचारलं नाही. तो पातूरकडचा आणि चहात गूळ घालतो, एवढंच त्यांना ठाऊक. त्यामुळे इथे येतं ते पंतांनी पाहिलं तेवढंच, आणि तेही थोडंच.

पंत जिनाचे मॅनेजर. सूर्यभानकडे काम एकच, भिंतीतला मोठा लोखंडी पंखा. सरकी काढणाऱ्या रेच्यांवर कापूस घालणाऱ्या बायांच्या भोवती उडणारी धूळ आणि कापसाचं बारीक तूस तो ओढून मागच्या अंगणात फेकायचा. संध्याकाळी तिथे ढीग साचे. ढीग भिंतीच्या चौथ्या विटेला लागला की पंखा ठीक, असा पंतांचा हिशेब. कमी दिसला की ते म्हणत, "काय रे, आज पंखा उपाशी का तुझा?" बाया हसत. सूर्यभान हसत नसे.

एकतीस साली मालकांचं अमरावतीहून पत्र आलं. पंखा जुना झाला. दुरुस्त करायचा की मुंबईच्या कंपनीचा नवा घ्यायचा, ते कळवा. नव्या पंख्याबरोबर कंपनीचाच माणूस येणार होता. म्हणजे सूर्यभानचं काम संपलं.

"दोन पाती बदलतो, बुश नवे टाकतो," सूर्यभान म्हणाला. "धा वर्सं पाहाले नको."

पंतांनाही ते पटलं. ढीग तर रोज चौथ्या विटेला होताच. त्यांनी दुरुस्तीचं पत्र लिहिलं आणि टपालात टाकण्याआधी एकदा ढीग पाहून घ्यावा म्हणून सूर्यभानला घेऊन दुपारच्या सुट्टीत अंगणात गेले. रेच्यावर काम करणारी मनकर्णा तिथे टोपलं उपडं करत होती. टोपल्यात आतल्या जमिनीवरचं झाडलेलं तूस.

"हे काय वो, मनकर्णाबाई?" सूर्यभानने विचारलं.

"झाडून टाकून राहिली, दुसरं काय."

"इथं काहून?"

तिला खोकला आला. तो थांबेपर्यंत दोघे उभे राहिले. मग तिने पंतांकडे पाहिलं. "ढीग लहान दिसला का तुमी याले टोचून बोलता जी. आमी बाया पाळीपाळीनं टाकतो. दोन वर्सं झाली."

 सुट्टी संपून रेचे आणि पंखा सुरू झाले तसा सूर्यभान आत गेला. मनकर्णाच्या जागेवर बसून त्याने रुईचा एक पुंजका हातातून सोडला. पुंजका सरळ त्याच्या पायावर पडला. दुसरा सोडला, तोही तिथेच. शेजारच्या बाया तोंडाला पदर बांधून कापूस घालत होत्या.

बाहेर येऊन तो बराच वेळ हात पुसत राहिला.

"मी पंख्याच्या भोकापाशी उभा राहून पाहत होतो जी. तिथं वारा लागते. बाया तिथं कुठं बसतेत?"

"पाती बदलून नाही भागणार?"

"नाई. याच्या अंगातच जोर नाई राहिला."

"पत्र लिहून झालंय, सूर्यभान. मालक दुरुस्तीवर खूश होतील. तुझंही…"

"फाडा ते."

पंतांनी फाडलं. नव्या पत्रात नवा पंखा मागितला आणि खाली सूर्यभानला ठेवून घ्यावं अशा दोन ओळी घातल्या. पंखा आला. त्या दोन ओळींना उत्तर आलं नाही. ते पत्र अजून जोर देऊन लिहायला हवं होतं, असं पंतांना पुढे कितीदा तरी वाटलं.

कंपनीच्या माणसाला पट्टा चढवायला सूर्यभाननेच मदत केली. मनकर्णाच्या जागेवरून सोडलेला पुंजका तरंगत भिंतीकडे गेला, तो त्याने शेवटपर्यंत पाहिला. मग टोपी झटकून तो ऑफिसच्या दाराशी आला. पंतांना पुष्कळ बोलायचं होतं.

"पान्हे?" त्यांनी विचारलं.

"खुंटीले लटकवले जी. आन् तेलाचा डबा उन्हात नका ठेवू."

"बरं," पंत म्हणाले.