पास हाय का पास?

एका जागी बारा वर्षं नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. गवतातनं चालल्यावर धोतराला कुसळं लागतात, तसे ते आपोआप लागतात. घरी येऊन बसलं की एकेक टोचायला लागतं!

माझी बारा वर्षं बीडहून नगरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या जकात नाक्यावर गेली. नाल्याच्या अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं इंग्रजाचं, मधे आमचा आडवा बांबू. नाक्यावर आम्ही तिघं. वर मीरसाहेब, थेट हैदराबादचे, बोलणं दखनी. खाली दगडू शिपाई, शेजारच्या खेड्यातला, बोलणं गावठी. आणि मधे मी, कारकून, दोघांचं एकमेकांना समजावून थकलेला.

दफ्तर सगळं उर्दूत. पण एक इंग्रजी शब्द वरनं आला आणि आमच्या मानगुटीवर बसला. पास! माल न्यायचा, पास पाहिजे. बैल न्यायचा, पास पाहिजे. त्यात उर्दूत पास म्हणजे जवळ. मग काय विचारता!

*

मीरसाहेब नवे होते तेव्हाची गोष्ट. एक म्हातारा शेतकरी चिंचेची गाडी घेऊन आला. साहेबांनी विचारलं, "पास है?"

"हाय की. लई पास हाय."

"कहाँ है?"

"ह्यो काय, पल्याड."

"दिखाव!"

म्हाताऱ्यानं साहेबांचा हात धरला, सरळ रस्त्याच्या मधोमध नेऊन उभं केलं आणि बोट दाखवलं. "त्यो बाभळीचा माळ दिसतो का? त्याच्यामागं टेकडी. टेकडीमागं आमचं गाव."

साहेब डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मुन्शीजी, इनका पास तो बहुत दूर है!"

*

त्यावर साहेबांनी वाक्य सुधारलं. "आपके पास पास है?" असं स्वच्छ विचारायला लागले.

पहिल्याच दिवशी डोक्यावर गाठोडं घेतलेली एक आजी भडकली. "एकदा बोललेलं ऐकू येतंय मला. दोन-दोनदा कावून म्हनतो? मी काय बहिरी हाय?"

*

दगडूला नारायणगडाच्या जत्रेला जायचं होतं. रजेचा अर्ज मीच लिहून दिला. अर्ज देऊन तो दाराशी हात जोडून उभा. साहेबांनी वाचला, सही केली आणि म्हणाले, "पास."

दगडू दोन पावलं पुढं आला.

साहेबांना वाटलं, याला ऐकू गेलं नाही. जोरात म्हणाले, "पास!"

दगडू टेबलाला येऊन टेकला.

"अरे बाबा, पास! पास!"

दगडू टेबलाला वळसा घालून खुर्चीला भिडला आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "साहेब, आता ह्याच्याफुडं तुमची मांडीच हाय!"

*

माझीही एक चूक सांगतो. बैल पलीकडच्या बाजाराला नेताना पासावर खुणा लिहायच्या, म्हणजे येताना तोच बैल आला का ते कळतं. खुणा जुळल्या नाहीत तर बैल जप्त! मी एका बैलाच्या पासावर लिहिलं, 'उजवं शिंग मोडलेलं.'

बाजारात बैल विकला गेला नाही. मालक परत आला, बैल नाक्यासमोर बांधला. साहेब पास घेऊन बाहेर आले, बघतात तर डावं शिंग मोडलेलं! मालकाचं तोंड उतरलं. "साहेब, आईच्यान त्योच बैल हाय. माझ्या गोठ्यात जन्मलाय त्यो."

त्याचा बैल जाणार आणि माझी नोकरी! मग आठवलं. लिहिताना बैलाचं तोंड माझ्याकडं होतं. आता त्याची शेपटी आमच्याकडं होती. मी भीत भीत साहेबांना सांगितलं.

साहेबांनी एकदा पासाकडं पाहिलं, एकदा बैलाकडं, एकदा माझ्याकडं. पास खोडला असता तर मला वरनं जाब आला असता. त्यांनी शांतपणे हुकूम सोडला, "दगडू, बैल को घुमाव."

दगडूनं बैल फिरवला. तुटकं शिंग उजवीकडं आलं.

"अब पास है!"

*

एकदा एक गोरा साहेब काळवीट बघायला म्हणून घोड्यावरनं आला. मी आणि मीरसाहेब आत जेवत होतो. दगडूनं बांबू काही उचलला नाही. गोरा ओरडला, "लेट मी पास!"

दगडू धावत आत आला. "साहेब, एक गोरा आलाय. पास न्हाई त्याच्यापाशी. पन लेट येनार हाय म्हनतो."

गाडी लेट येते हे त्याला रेल्वेमुळं ठाऊक होतं. मग पास का येऊ नये?

आम्ही हात धुवून बाहेर पळालो. तोवर दगडूनं गोऱ्याला चिंचेखाली घोंगडीवर बसवून भाकरी-ठेचा वाढला होता. गोरा लालबुंद. रागानं का ठेच्यानं, ते आजवर कळलेलं नाही! पण जाताना त्यानं दगडूशी हात मिळवला, आणि परतताना पुन्हा चिंचेखाली बसला.

*

माझ्या लग्नाचं बघत होते. मोमिनाबादला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला, मी मिडलपर्यंत शिकलो, पण परीक्षेत गचकलो. मधल्या माणसानं नांदूरघाटच्या पाव्हण्यांना बिनदिक्कत सांगितलं, 'पोरगा पास हाय.' पाव्हणे खात्री करायला नाक्यावरच आले. सकाळभर माझ्या शेजारी बसून माझं काम बघत राहिले.

मला राहवलं नाही. पोरीचा फोटो काही नव्हता, पण तिच्या बापाचा चेहरा फार साधा होता. म्हटलं, "मामा, खोटं कशाला सांगू? मी नापास हाय."

मामा चकित झाले. समोरचा गठ्ठा दाखवून म्हणाले, "सकाळधरनं हे काय चाललंय मंग?"

"पास देतोय लोकांना."

"सगळ्या मुलखाला तुमी पास करता, तर तुमाला नापास करनारा कोन?" असं म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली आणि तिथंच सुपारी फोडली.

हे मी बायकोला पहिल्याच महिन्यात सांगितलं. ती म्हणाली, "बाबांनी केलं पास. माजं अजून तपासायचं चाललंय."

*

मग पलीकडं प्लेग आला. हुकूम निघाला, डॉक्टरच्या पासाशिवाय तिकडचं एक माणूस अलीकडं येता कामा नये. कोण कुठनं आलं ते रजिस्टरात लिहायचं. आठवड्यापूर्वीच वरिष्ठ येऊन मीरसाहेबांना बजावून गेले होते, "बिनापासाचा एक माणूस सुटला तर तुमची नोकरी सुटली!"

भर दुपारी एक छकडा आला. एक म्हातारी लेकीला बाळंतपणासाठी माहेरी आणत होती. पासावर तीन माणसं लिहिलेली होती. गाडीवान, म्हातारी, लेक. दगडूनं छकड्यावरचं पाल वर करून मोजलं, पुन्हा मोजलं.

"साहेब, चार हायत."

लेक नाल्यातच बाळंत झाली होती. म्हातारीनं आपलं लुगडं फाडून नात गुंडाळली होती. लेकीचे डोळे मिटलेले, ओठ सुकलेले. गाव अजून दोन कोस लांब.

दगडू पाणी आणायला पळाला. मी लेखणी हातात धरून साहेबांकडं बघत बसलो. साहेब पास उलटा करून बघत होते, सुलटा करून बघत होते. त्यात तीनच. त्यांना घरी पाच लेकरं. आणि नियम म्हणजे नियम, असं मानणारा माणूस.

शेवटी ते छकड्याजवळ गेले आणि रजिस्टरातला प्रश्न अगदी हळू आवाजात विचारला, "ये कहाँ से आई?"

म्हातारीनं नात छातीशी धरली.

"देवाच्या घरून, साहेब. तिकडं पलेग न्हाई."

मीरसाहेबांनी स्वतःच्या हातानं बांबू उचलला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मुन्शीजी, जैसा बोली, वैसा लिखो."