खिशातले फुटाणे

"नाव नको टाकू वं पोरी. मालकाले मालूम झालं तं गाडीची चाबी जाईन," काकांनी मला तीनदा बजावलं होतं. अमरावती रोडवरच्या वाडी गावात ट्रक चालवणारे हे काका. दारू सोडून आठ महिने झाले होते, आणि आधी पीत होते हे नव्या मालकाला ठाऊक नव्हतं. मी पत्रकारितेची विद्यार्थिनी; कॉलेजच्या सरावाच्या अंकासाठी व्यसनमुक्तीवर लिहीत होते. मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "काका, टेन्शन नका घेऊ. नाव बदलणार."

नाव बदललं. वय बदललं. मूळ गावसुद्धा बदललं. आणि मग नको तो शहाणपणा केला. दारूची तलब आली की काका खिशातून फुटाणे काढून चावायचे. आजूबाजूचे सगळे तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतायत आणि हा माणूस फुटाणे खातोय! असला तपशील कोण सोडतो? मी सुरुवातच त्याने केली. सरांनी ती वर्गात वाचून दाखवली, आणि मी दिवसभर हवेत.

अंकाची पीडीएफ वर्गाच्या ग्रुपवर पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रिणीचा मेसेज आला, "अगं, हे तर फुटाणेवाले काका! पप्पांच्या गोडाऊनवर माल घेऊन येतात. पप्पांना रात्रीच पाठवला मी तुझा लेख."

वाडीत कोण कोणाला ओळखत नाही! ग्रुपवरून पीडीएफ काढली, पण पप्पांच्या फोनमधून कशी काढणार? सरांना फोन लावला. ते म्हणाले, "नाव झाकलं आणि माणूस उघडा ठेवला आपण. चूक माझीही आहे. आधी जाऊन त्यांना सांग."

अमरावती रोडवर ट्रकांच्या मधून स्कूटी काढत निघाले. चाबी गेली असेल तर मी काय तोंड दाखवणार होते?

काका ट्रकला टेकून उभे होते. चाबी हातात होती. जीव भांड्यात पडला. मी माफी मागितली, रडलेसुद्धा.

"मालक काई नाही बोलला अजून," ते म्हणाले. "पर गोडाऊनवरचे पोट्टे सकाळपासून हासून राहिले, काहून खातं म्हणून विचारून राहिले. मंग फुटाणे ठेवनंच बंद केलं."

"मग तलब आली की?"

"तेच तं." त्यांचा हात सवयीने खिशात गेला आणि रिकामाच बाहेर आला. "हे बी लिहिशीन का?"

"नाही," म्हटलं.

आज लिहिलंय, ते त्यांना पूर्ण वाचून दाखवून, त्यांनी हो म्हटल्यावरच. आणि या वेळी तो तपशीलही बदललाय: त्यांच्या खिशात फुटाणे कधी नव्हतेच. खरं काय असायचं, ते मी आता कोणाला सांगणार नाही.