केळं जेवणात मोजत नाहीत

प्रकाशा गावातल्या आमच्या घरात केळं जेवणात मोजत नाहीत. भाकरी खाल्ली की जेवण झालं. केळं शेतात, चालता चालता खायचं. म्हणून नंदुरबारच्या दवाखान्यातल्या डाएटिशियन बाईंनी माझ्या थोरल्या भावाला, दादाला, दिवसभराचं खाणं विचारलं, तेव्हा त्याने भाकरी, डाळ, वांग्याची भाजी, चहा एवढंच सांगितलं. काही लपवावं असं त्याच्या मनातही नव्हतं.

बाईंनी रक्ताचा रिपोर्ट पुन्हा पाहिला. "एवढं पोटॅशियम भाकरीतून आलेलं वाटत नाही. केळी किती खाता?"

दादा हसला. "केळं काय जेवन शे का बाई?"

"किती?"

"कोन मोजस?"

दादाच्या किडन्या थकल्या होत्या, रक्तातलं पोटॅशियम त्यांना बाहेर टाकता येत नव्हतं. बाईंनी कागदावर लिहून दिलं: केळी बंद, नारळपाणी बंद, बटाटा चिरून उकळायचा आणि पाणी फेकून द्यायचं, डाळ पाव वाटी. एकेका ओळीखाली दोनदा रेघ ओढली.

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "हाई बाई ते तोंडना घास काढी लेस. मी केळी पिकाडू, आन मीच खाऊ नको?"

महिनाभर त्याने पाळलं. वाळत गेला. मग शेजाऱ्यांनी शहाद्यातल्या एका न्यूट्रिशनिस्टचं नाव सुचवलं. त्याच्या भिंतीवर चौकटीत लावलेली सर्टिफिकेटं होती. त्याने रिपोर्ट मागितला नाही. अशक्तपणा आहे म्हणाला, प्रोटीनच्या पावडरीचा डबा दिला. रोज दुधात, दोन केळी घालून.

दादाने डबा हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "तू शिकेल शे भो. तूच सांग, कोनं ऐकू?"

मी लोणखेड्याच्या कॉलेजात ग्रंथपाल. आमच्या घरात कागद वाचायचं काम माझं. मी म्हणालो, "दोघं एकाच विषयाचे. ह्याचं करून पाहू."

दादाचा चेहरा उजळला. मला अजून तोच दिसतो.

पंधरा दिवस तो खुशीत होता. मग पायांतलं बळ गेलं, आणि एका सकाळी चूळ भरता भरता तो खाली बसला. दवाखान्यात पोचेपर्यंत हृदय थांबलं होतं. डॉक्टरांनी पोटॅशियम वाढल्याचं सांगितलं.

तेराव्यानंतर मी कामावर गेलो आणि होम सायन्सच्या कपाटातून एक पुस्तक काढलं. त्यावर नंबर माझ्याच अक्षरात होता. त्यात सरळ लिहिलं होतं: डाएटिशियन आजारी माणसाचा आहार ठरवायला शिकलेली असते, वॉर्डात काम करून, रिपोर्ट वाचून. न्यूट्रिशनिस्टही कधी तितकाच शिकलेला असतो. पण ती पाटी थोड्या दिवसांचा कोर्स केलेला माणूसही लावू शकतो. कुठं शिकलात, एवढं विचारायचं असतं. मी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. पावडरीचा डबा अजून फळीवर होता, अर्धा भरलेला.

"भाऊ, तो शहादावाला डॉक्टर नव्हता का?"

मी पुस्तकात वाचलेलं सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मंग तवय का नही सांगं?"

"तवय मले माहीत नव्हतं, वहिनी."

 वहिनी उठल्या, डबा फळीवरून काढला आणि माझ्या पुढ्यात ठेवून आत गेल्या.