टाकी जागची हलत नव्हती

शमीमच्या नवऱ्याचा, अन्वरभाईंचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर पापड उलटत होते. "ताई, शमीम गेली..." एवढंच ते म्हणाले आणि फोन तसाच चालू राहिला. मागून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. पोटाचा कर्करोग होता, डॉक्टरांनी आधीच कल्पना दिलेली होती, तरी पापड तसेच उन्हात टाकून मी खाली आले. शमीमला शाळेनं मारलं असं मी म्हणणार नाही. पण तिची शेवटची वर्षं कशी गेली ते मी पाहिलंय. शोकसभेत ते कुणी बोललं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आम्ही सोलापुरात एकाच शाळेत शिकवलं. मी मराठी, ती विज्ञान. ऊर्जेचा धडा आला की ती कपाटावर एक वीट ठेवायची आणि एखाद्या दांडगट पोराला बरोबर तिच्याखाली बसायला सांगायची. पोरगं कुरकुरायचं. "का रे? वीट हलतेय का?" "न्हाय मॅडम." "मग तिची गतिज ऊर्जा किती?" "शून्य." "मग घाबरतोस कशाला?" "पडली तर टाळकं फुटंल की!" सगळा वर्ग हसायचा. ती हसू ओसरू द्यायची आणि हळूच विचारायची, "टाळकं फोडायचं बळ तिच्यात आलं कुठून?" कुणीतरी बरोबर म्हणायचं, "तुमीच उचलून वर ठिवली न्हवं." मग शमीम खूश. उचलताना केलेलं काम विटेत साठून राहिलंय, ती गप्प आहे म्हणून रिकामी नाही, याला स्थितिज ऊर्जा म्हणतात... शेजारच्या वर्गात माझी कविता थांबायची आणि माझी मुलं तिचा धडा ऐकत बसायची.

नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे शाळेनं मुलींच्या हात धुण्याच्या जागेवरच्या जुन्या स्लॅबवर, आधीच्या टाकीशेजारी, आणखी दोन मोठ्या टाक्या चढवल्या. स्लॅबला भेगा पडल्या होत्या, गंजलेल्या सळ्या उघड्या दिसायच्या. त्याच सावलीत मुली डबे खायच्या. शमीमनं मुख्याध्यापकांना सांगितलं, संस्थेच्या सचिवांना सांगितलं. तिच्यासोबत मीही गेले होते. सचिव हसून म्हणाले, "मॅडम, टाकी जागची हलत तरी आहे का? इतकी वर्षं उभी आहे." शमीम म्हणाली, "साहेब, हलायला लागल्यावर पळायला वेळ मिळणार नाही." त्यांनी चहा मागवला. विषय तिथंच संपला.

पुढच्या उन्हाळ्यात, टाक्या काठोकाठ भरलेल्या असताना, गिलाव्याचा ढपला एका मुलीच्या डब्यात पडला. शमीमनं मुलींना उठवलं, शिडी लावली आणि टाक्यांचे व्हॉल्व्ह उघडून दिले. भर एप्रिलमध्ये सगळं पाणी मैदानातून गटारात गेलं. मुलं नाचत होती, शिक्षक तोंडावर हात ठेवून उभे होते. ज्या मुलीच्या डब्यात गिलावा पडला तिचीच आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली. "आमी घागरीसाठी भांडतो आन तुमी गटारात पानी सोडता व्हय? लाज न्हाय वाटली?" शमीम खाली मान घालून ऐकत राहिली. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, "ह्यांचं असंच." ह्यांचं म्हणजे कुणाचं, ते विचारायची गरज नव्हती.

तिला नोटीस मिळाली. दहावीचं विज्ञान काढून घेतलं आणि पाचवीचा कार्यानुभव दिला. शाळा सोडून गेलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांना अजून जिचा धडा आठवतो, ती बाई पोरांकडून घोटीव कागदाची फुलं कातरून घ्यायला लागली. टाक्या पुन्हा भरल्या.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत स्लॅब कोसळला. हात धुण्याची जागा पार सपाट झाली. शाळेत कुणीही नव्हतं. सुट्टी संपल्यावर शमीम मुख्याध्यापकांकडे गेली आणि दहावीचा वर्ग परत मागितला. ते म्हणाले, "कुणाला काही झालं नाही ना मॅडम? मग विषय वाढवायचा कशाला?" बाहेर येऊन तिनं मला तेच वाक्य जसंच्या तसं सांगितलं, आणि म्हणाली, "मंदा, यांना एखादी पोरगी खाली सापडायला हवी होती काय गं?" टाक्यांसाठी नवा लोखंडी सांगाडा उभा राहिला, त्यावर देणगीदाराची पाटी लागली. वर्ग तिला मिळाला नाही.

शेवटचं भेटले तेव्हा ती फार बारीक झाली होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "डब्यात गिलावा पडलेल्या त्या पोरीच्या आईला कुणीतरी सांगा गं... मी पाणी का सोडलं ते." शमीम गेल्यानंतर मी त्या बाईचं घर शोधून गेले. तिनं चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. "व्हय, पडली म्हनं टाकी. लई चांगल्या हुत्या बाई. पर पानी सोडाय नको हुतं." मी कप खाली ठेवला आणि उठले.

शोकसभेत सचिवांनी शमीमला 'शाळेचा ऊर्जास्रोत' म्हटलं. टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून लोक गप्प बसले. मी मधूनच बाहेर पडले आणि अन्वरभाईंकडे गेले. त्यांनी मला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं. मी पहिल्यांदाच नीट पाहिलं, माळा मोकळा होता. कुकर, खलबत्ता, तेलाचा डबा, सगळं जड सामान शमीमनं जमिनीवर भिंतीला लावून ठेवलेलं. अन्वरभाईंचे गुडघे गेलेत. साखरेचा डबा घेताना ते ओट्याला धरून वाकले आणि वाकूनच म्हणाले, "सून म्हणते, आता तरी वर ठेवा. मी काल हा डबा माळ्यावर ठेवला होता, ताई. मग त्याच्याखाली बसवेनाच... पुन्हा उतरवला."